नळ सुरू असेपर्यंत

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही ऐकीव गोष्ट नाही. त्या रविवारी संध्याकाळी, तळघरातल्या त्या हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. सगळी धडधाकट आहेत. कुणालाही विचारा.

ज्याच्यावर हे गुदरलं, तो लिफ्ट दुरुस्त करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याची बायको स्टेजवर उभी राहून लोकांना हसवायची. एक माइक, एक स्टूल आणि ती. जिन्यात गाठून चुगली सांगावी तशी बोलायची, म्हणून लोक तिला ‘शेजारीण’ म्हणायचे. चाहते पुष्कळ होते. पहिला चाहता मात्र मिस्त्रीच.

तिचा एक नियम होता. नवा विनोद ती बाथरूमचं दार लावून मोठमोठ्यानं घोकायची. मिस्त्री बाहेर चहा पीत ऐकायचा. पण शेवट आला की...

ती नळ सोडायची. पूर्ण.

बादलीत धो धो पाणी. शेवट त्या आवाजात बुडून जायचा.

“अगं, शेवट तरी सांग!” तो दारावर थाप मारायचा.

“अजिबात नाही. घरी हसलात तर तिथे खोटं हसाल. शेवट माझ्यासमोर बसून ऐकायचा.”

मग हॉलमध्ये तो मागच्या रांगेत, खांबाजवळच्या खुर्चीत बसायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा. अडलेली मोटर सुरू व्हावी तसं. हॅ... हॅ... आणि मग एकदम सुटायचं. त्याचं ऐकून अख्खा हॉल हसायचा.

ती गेली तीही अशी, ध्यानीमनी नसताना. सकाळी नवा विनोद घोकला, दुपारी दवाखान्यात नेलं आणि खेळ खलास.

विनोदाचा शेवट तेवढा राहिला.

सुरुवात त्याला पाठ होती. ‘मी आमच्या ह्यांना विचारलं, अहो, मी मेले तर तुम्ही काय कराल? त्यावर हे म्हणाले...’

आणि नळ.

खरं तर तिनं त्याला असं कधी विचारलंच नव्हतं. मग त्याच्या तोंडी उत्तर काय घातलं होतं? इतक्या वर्षांच्या संसारानंतर तिला काय वाटत होतं, हा माणूस काय म्हणेल? लिफ्टच्या खड्ड्यात उतरला तरी त्याच्या डोक्यात तेच. जेवतानाही तेच.

त्या रविवारी तिच्या आठवणीत कार्यक्रम होता. जो तो येऊन तिचा एक विनोद सांगत होता. हॉलच्या मॅनेजरनं मिस्त्रीला स्टेजवर बोलावलं. तो जागचा हलेना. शेजारी बसलेल्या मेहुणीनं कोपर मारलं.

“जा हो भाऊजी. ताई असती तर हाताला धरून ओढलं असतं तुम्हाला.”

तो उठला. खांबाजवळची खुर्ची रिकामी झाली.

हे लक्षात ठेवा.

माइकसमोर त्याला शब्द सुचेना. म्हणून तो तिचाच विनोद सांगू लागला.

“...ती म्हणाली, मी मेले तर तुम्ही काय कराल? त्यावर मी म्हणालो...”

तो थांबला. ‘पुढचं मला ठाऊक नाही, ते ती सोबत घेऊन गेली,’ असं सांगणार होता.

तेवढ्यात...

नळ सुटला.

धो धो पाणी. अगदी कानाजवळ.

त्या हॉलमध्ये नळ नाही.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. पाण्याच्या आवाजाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे त्याच्याकडेच बघत होते. त्याच्या तोंडाकडे. आणि त्याला जाणवलं...

त्याचे ओठ हलत होते.

पाणी थांबलं.

मग मागून, खांबाजवळून आवाज आला.

हॅ... हॅ...

खुर्ची रिकामी होती. हसणं त्याचं स्वतःचं होतं.

आणि मग अख्खा हॉल फुटला.

मॅनेजर डोळे पुसत आला. “मिस्त्री, इतके दिवस दाबून ठेवलंत होय! काय शेवट केलाय शेजारणीनं!”

“काय केलाय?”

“घ्या! आता आमचीच फिरकी घेताय?”

मेहुणीनं फोनवर सगळं टिपलं होतं. घरी तिनं ते लावलं. ‘त्यावर मी म्हणालो...’ आणि फोनमधून पाण्याचा आवाज. मेहुणी मात्र पोट धरून हसली.

“मला ऐकू येत नाही गं. तू सांग. मी काय म्हणालो?”

“भाऊजी, आता पुरे हं चेष्टा.”

“शपथ.”

तिनं त्याचा चेहरा पाहिला. सांगायला तोंड उघडलं. तशीच थांबली. हसू मावळलं.

“ताई नको म्हणतेय,” ती हळूच म्हणाली.

“काय?”

“काय काय?” तिनं दचकून विचारलं. “मी काही बोलले का?”

त्यानं पुन्हा कुणाला विचारलं नाही.

आता रोज संध्याकाळी तो चहा घेऊन बसला की बाथरूममध्ये नळ सुटतो. प्लंबर येऊन नळ बदलून गेला. काही फरक नाही. दार उघडून बघावं तर बादली कोरडी ठणठणीत. दार लावलं की पुन्हा सुरू. आणि त्या पाण्यामागे... कुणीतरी घोकतंय.

धार दिवसेंदिवस बारीक होतेय.

काल त्याला पहिले दोन शब्द कळले. तो तसाच अनवाणी रस्त्यावर आला आणि दिवे लागले तरी घरात शिरला नाही.

मेहुणी म्हणते, चार दिवस आमच्याकडे राहायला या. तो नको म्हणतो. त्याला शेवट ऐकायचाय. पण तिचा नियमही तो विसरलेला नाही. शेवट तिच्यासमोर बसून ऐकायचा.

आज त्यानं स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून बाथरूमच्या दारासमोर ठेवली. बसला. चहा हातातच निवला.

आत पाणी आता फक्त ठिबकतंय...