नदीकडचा व्हॉल्व्ह

सरका जरा जवळ, मोठ्याने बोलवत नाही. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली, तो माझ्याच हाताखाली पंपाचं काम शिकला. काहीही सांगा, आधी म्हणणार, "एक मिनिट." म्हणून त्याचं नावच पडलं एकमिनिट.

दोनशे घरांच्या एका वसाहतीमागे सांडपाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट आहे. एकमिनिट तिथे रात्रपाळीला होता. घाण पाण्यात हवा सोडणारा ब्लोअर तीन आठवडे बंद पडलेला. हवा नाही तर पाणी साफ होत नाही, आणि टाकी काही भरायची थांबत नाही. दुरुस्तीचं नाव काढलं की मॅनेजर म्हणायचा, बघू. त्याने सोपी वाट काढली होती. रात्री व्हॉल्व्ह उघडायचा आणि सगळं तसंच नदीत सोडायचं. नदी काय, तक्रार करायला येत नाही.

अर्ध्या तासाच्या वाटेवर, खाली नदीकाठच्या विहिरीवर, एकमिनिटाची धाकटी बहीण पाणी भरायची. तिचं दोन वर्षांचं पोर चार दिवस जुलाबाने बेजार होतं. "पाणी उकळून दे," एवढंच तो तिला सांगायचा. का, ते सांगायला जीभ उचलत नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातला बुधवार. रात्रीचे एक वाजून चाळीस मिनिटं. आज उघडायचा नाही असं ठरवून तो बसला होता. फोन वाजला.

"उघडलास का?" मॅनेजर.

"एक मिनिट साहेब... आज नको. पोर आजारी आहे."

"कुणाचं?"

"बहिणीचं."

"मग डॉक्टरकडे ने. इथे टाकी तुंबून वसाहतीच्या तळघरात घाण शिरली, तर उद्या आपल्यापैकी एक जण घरी बसणार. आणि मी तर काही बसत नाही."

एकमिनिट उठला. व्हॉल्व्हच्या चाकाला हात घातला. अर्धा फेरा फिरलं... आणि उलटं आलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा उलटं.

तुम्ही म्हणाल गंज. मीही तेच म्हटलं होतं. पण गंज अडवतो रे, ओढत नाही.

ब्लोअर आधीही असाच बंद पडायचा, तेव्हा एकमिनिटाच्या आधीचा ऑपरेटर या व्हॉल्व्हला हात लावायला नाही म्हणायचा. त्या रात्रीच्या दोन महिने आधी तो टाकीत उतरला आणि वायूने गुदमरून गेला.

"काका, म्हणजे तोच?"

मी कुठे काय म्हटलं? ऐक.

एकमिनिट अंधाराला म्हणाला, "दादा, सोडा. माझी नोकरी जाईल."

आणि पुन्हा चाक धरलं.

मग चाक ढिलं पडलं. हाताखालून कुणीतरी हात काढून घ्यावा, तसं. त्याने व्हॉल्व्ह उघडला. पाणी सुटलं. आणि पाइपात आतून...

ठक.

पुढे सरकून, ठक. नदीच्या दिशेने. तो मागोमाग गेला. काठाशी आवाज थांबला. त्याने श्वास सोडला. तेवढ्यात पाण्याखालून... ठक. खालच्या अंगाला. बहिणीकडे.

तो धावत सुटला.

पोचला तेव्हा बहीण विहिरीपाशी बॅटरी घेऊन उभी. विहिरीच्या तोंडावर शिळा. काळी, नदीच्या तळातली. शेवाळ लागलेली. अजून निथळत होती.

"दादा, हे कुणी केलं? धाडकन आवाज झाला म्हणून उठले."

तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तीन आठवड्यांचं. ती ओरडली नाही, रडली नाही. घरात पोर कण्हत होतं. तिकडे बघून एवढंच म्हणाली,

"मग पाणी कुठून आणू?"

...

उजाडलं. सहा माणसांनी पहारी लावून शिळा बाजूला केली. करणार काय? दुसरं पाणी नव्हतं. बादली खाली गेली.

शिळा उलटी पडली होती. मी स्वतः जाऊन बघितली, हात लावून. खालच्या बाजूला दहा बोटं उमटली आहेत. पेरापेरापर्यंत आत... चिखलात रुतावीत तशी.

दगडात.