वगळलेली वाडी

दुपारची जेवणं झाली की चिपळूणच्या त्या संस्थेचं ऑफिस जरा पेंगायचं, आणि अभय जाधव तेवढ्यात आपलं काम उरकून घ्यायचा. सावर्ड्याच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांची गाणी संस्थेनं रेकॉर्ड केली होती. डेटाबेसमध्ये दर वाडीचं एक कलेक्शन. या संग्रहाच्या उद्घाटनाला लावायच्या टच-पडद्यासाठी अभयनं सी भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला होता. डेटाबेसला विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे कुठली कुठली कलेक्शनं आहेत, आणि तो सांगेल ती नावं एकाखाली एक दाखवायची. प्रोग्रामला स्वतःहून एकही नाव ठाऊक नव्हतं.

अडचण एका नावाची होती. बौद्धवाडी. ते रेकॉर्डिंग अभयनंच केलं होतं, स्वतःच्या घरात. त्याच्या आईनं, प्रेमलानं, ओव्या म्हटल्या आणि मध्येच ती हसून बोलली, "पुरे कर रे अभय, किती इचारशील!" आता ते सगळ्यांसमोर वाजणार. ऑफिसात तो मधलीवाडीतला म्हणून खपत होता. शेजारच्या टेबलावरच्या शमिकानं पहिल्याच दिवशी तसा अंदाज केला आणि यानं मान हलवली. जाधव आडनावावरून काही कळत नाही, त्याचा त्याला फार आधार होता.

त्यानं ते कलेक्शन उडवलं. कॉपीही ठेवली नाही. मग आईला फोन केला.

"उद्या येऊ नकोस. गर्दी असते."

"वाडीतल्या बाया येनार हायत. माजा आवाज लावनार ना?"

"बघू," तो म्हणाला, आणि त्याचे कान तापले. आईला फसवणं त्याला कधी एवढं सोपं गेलं नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्यानं प्रोग्राम चालवून पाहिला. वरचीवाडी, मधलीवाडी, बौद्धवाडी.

आपलंच काहीतरी चुकलं असणार. त्यानं पुन्हा उडवलं, सर्व्हर बंद करून चालू केला. या वेळी ते नाव सगळ्यांत वर आलं.

शमिकाची त्याच्याकडे पाठ होती. त्यानं हेडफोन लावले. चुलीत लाकूड तडतडलं, अंगणात कोंबडी ओरडली, आईच्या ओव्याही जिथल्या तिथं होत्या. फक्त तो नव्हता. जिथं त्यानं प्रश्न विचारले होते तिथं शांतता होती, आणि त्या शांततेला आई नीट उत्तरं देत होती.

तिच्या हसण्याची जागा आली. ती हसली नाही.

"नाय," ती कुणाला तरी म्हणाली. "पोर नाय झालं आमाला."

त्यानं फोन हातात घेतला. पण आईला विचारणार काय? त्यानं तो खिशात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आल्या, पांढऱ्याशुभ्र साड्यांत, प्रेमला सगळ्यांच्या पुढं. शमिकानं पडद्यावरच्या पहिल्या नावाला बोट लावलं आणि ओव्या खोलीभर झाल्या. बाया ओठातल्या ओठात म्हणू लागल्या. प्रेमला पदर सावरत ऐकत होती. अभयला स्वतःची शरम वाटली. कळू दे कुणाला कळायचं ते.

तो पुढं झाला.

"शमिका, ही माझी आई. मी बौद्धवाडीतला."

शमिका गोंधळून प्रेमलाकडे बघत राहिली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेजारच्या दीक्षाची आई, जिच्या अंगणात तो वाढला, तीही.

"आई," तो म्हणाला.

प्रेमलानं त्याला नीट न्याहाळलं. तिच्या नजरेत राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

मग ती शमिकाजवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाय, त्यांना जरा खुर्ची दे बसायला. घाम बग किती सुटलाय. आनि त्यांच्या घरी कुनाला तरी कळव."