टिंब दिलेली नावं

"तुमचे भाऊ सध्या नोकरीत आहेत का?" फोनवरच्या अनोळखी आवाजानं विचारलं, आणि मी धडधडीत खोटं बोलले. "हो… आहेत ना."

दादा तेव्हा आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण घेऊन पडला होता. त्या जुन्या, नावाजलेल्या कॅथलिक विद्यापीठातून फिजिओथेरपीची पदवी घेऊन त्याला वर्ष झालं होतं आणि वर्षभर तो घरीच होता. पण परक्याला कशाला सांगा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पंधरा दिवसांनी मी त्याच विद्यापीठाच्या माहिती कक्षात उभी होते. पर्समध्ये प्रवेश मिळाल्याची दोन पत्रं, दोन्ही फिजिओथेरपीची. एक इथलं, फादर लोकांचं. दुसरं सहा तासांवरच्या गावातलं, सिस्टर चालवतात ते, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. बाबा म्हणत, "दोन्ही कॅथलिक, शिस्त दोन्हीकडे सारखीच. मग मोठं नाव का सोडायचं?" आई दादाच्या खोलीकडे बघत म्हणे, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." शुक्रवारी पाचपर्यंत कळवायचं होतं. माझी नखं केव्हाच कुरतडून संपली होती.

टेबलावर पाटी होती : शंभरातले ब्याण्णव पदवीधर नोकरीत.

"हा आकडा कुठून आणता?" मी विचारलं.

"मीच फोन करतो एकेकाला," टेबलामागचा तरुण म्हणाला. तोच आवाज. त्यानंही मान वर केली. "तुम्ही… त्या बहीण ना? 'हो' म्हणायला इतका वेळ कुणी घेतला नव्हता."

कानशिलं तापली. आणि मग उमगलं – ज्या ब्याण्णवच्या भरवशावर मी उभी होते, त्यात एक माझी थाप होती.

"दादा घरीच असतो," मी म्हणाले. "माझ्यासारखे आणखी किती?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. "चहा घेणार?"

चहा चार दिवस चालला. चॅपलमागच्या बाकावर, रोज साडेचारला. तो चहा फुंकून फुंकून पाणी करायचा, मी त्यावरून चिडवायची. "एवढं फुंकून पिता, आधी तोंड पोळलंय वाटतं?" "नाही. तेवढाच तुमचा वेळ जास्त मिळतो." मी हसायची, आणि घरी जाऊन दोन्ही पत्रं पुन्हा समोर मांडून बसायची. आकड्यांचं मात्र तो रोज उद्यावर टाकत होता.

गुरुवारी त्यानं फाइल उघडली. नावांची यादी. काही नावांपुढे पेन्सिलीचं बारीक टिंब.

"उत्तर देताना जे अडखळले, ते," तो म्हणाला. "शंभरात एकतीस."

"तुमच्या साहेबांना दाखवलंत?"

"दाखवलं. म्हणाले, टिंबं मोजायची नसतात."

"आणि सिस्टरांचं?"

"तिथल्या अकरा जुन्या विद्यार्थिनींना मी आपणहून फोन केला. नऊ जणींना बोलायला वेळच नव्हता. समोर पेशंट होते."

ऐकायचं होतं तेच ऐकलं होतं, तरी मी फाइल मिटली. "हे सोमवारीच का नाही सांगितलंत?"

चहा पार गार झाला होता, तरी तो फुंकत राहिला. "तू इथे आलीस तर… रोज दिसशील. म्हणून चार दिवस लावले. चुकलंच माझं."

तू. पहिल्यांदाच. त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

शुक्रवारी बाबांना सगळं सांगितलं – फोनवरची थापसुद्धा. दादा दारात उभा राहून ऐकत होता. मग दादाच म्हणाला, "तिला तिकडे पाठवा, बाबा." पाचला वीस मिनिटं असताना मी सिस्टरांना होकार कळवला आणि लगेच दुसरा नंबर फिरवला.

"मी जातेय," मी म्हणाले. "आणि यादीत दादाचं खरं लिही."

"लिहितो."

"आता मी एक विचारू? चार वर्षं आहेत. सहा तासांचं अंतर. तू माझ्यासाठी थां–"

"हो," तो म्हणाला.

टिंब द्यायला जागाच ठेवली नाही त्यानं.