निळ्या दोऱ्याची पसंती

सीमेवरच्या त्या लांबलचक शेडमध्ये ती धापा टाकतच शिरली, आणि कुणाच्या तरी पायाला अडखळून थेट खोक्यांच्या थप्पीवर जाऊन आदळली.

"सावकाश," ज्याचा पाय होता तो म्हणाला. "आत दोरा आहे, लागायचं नाही. पण पासपोर्ट आणलाय का? तुम्ही दोन पावलं आमच्या देशात आला आहात."

तिने खाली पाहिलं. शेडच्या मधोमध पिवळा पट्टा ओढलेला, आणि तिच्या चपला खरंच पट्ट्याच्या पलीकडे… ती चटका बसावा तशी मागे सरली. तो हसला. तिशीच्या आतबाहेरचा, सावळा, नखांच्या कडांत निळा रंग मुरलेला.

"हसू नका. मी कामाला आलेय. शर्टाच्या कारखान्यातून. निळ्या दोऱ्याचं खोकं उघडून बघायचंय मला."

त्या शर्टाचं गोत्र मोठं होतं. कापड इकडचं, दोरा पलीकडचा, बटणं तिसऱ्याच शेजाऱ्याकडची. इकडचा ट्रक तिकडे जात नसे, तिकडचा इकडे येत नसे; दोघे या शेडमध्ये पाठीला पाठ लावून उभे राहत आणि हमाल खोकी या ट्रकातून त्या ट्रकात टाकत. कापडाशी दोऱ्याचा रंग जुळतो का, हे ठरवायचं काम तिचं. कारखान्यात तिला सगळे पारखीणच म्हणत. दोरा कापडावर धरायचा, बघायचा, आणि साहेबांना एक शब्द कळवायचा : पसंत, नाहीतर नापसंत. हा निळा तिने दोनदा नापसंत केला होता. तिसऱ्यांदाही तेच झालं, तर शेजाऱ्यांचा दोरा कायमचा बंद. साहेब जहाजाने दूरदेशाहून मागवणार होते. म्हणून तर आज ती स्वतः आली होती, वाटभर देवाचं नाव घेत.

"कुणी रंगवलाय हा?" खोक्याची पट्टी सोडवत त्याने विचारलं.

"तिकडचे एक काका आहेत. आमचं फोनवर बोलणं होतं. रोज… म्हणजे, कामापुरतं."

"कामापुरतं, आणि रोज?"

"रंगाचं काम रोजचंच असतं." ती उगाचच ओढणी सारखी करू लागली. "सत्तरीचे असतील. आवाज पार बसलाय. गुळण्या करा म्हणते तर ऐकत नाहीत. पण देवमाणूस हो. दोनदा त्यांचा दोरा परत पाठवला, वाकडा शब्द नाही. उलट म्हणाले, 'तुमची नजर खरी, बाई, आमची भांडी खोटी.' आता हे बंद झालं, तर…"

"तर?"

"तर सकाळी तो फोन यायचा नाही." ती पुटपुटली. "सवय झालीय मला."

त्याने पट्टी खाली ठेवली, तोंडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरली आणि तो घसा खरवडून ओरडला, "बाई, काय म्हणतोय आमचा निळा?"

तिच्या हातातली कात्री खणकन खाली पडली. तोच आवाज… तोच हेल. चार हमाल माना वळवून बघत होते आणि ती मात्र पुतळ्यासारखी उभी.

"रंगशाळेत यंत्रांचा असा कल्लोळ असतो, की ओरडल्याशिवाय फोनवर काही पोचतच नाही," तो आता हळू, ओशाळल्यासारखा बोलत होता. "रंगारी मीच."

"वर्षभर मी तुम्हाला काका म्हणतेय…"

"आणि मी ओ देतोय. काका म्हणून का होईना, जेवलात का म्हणून विचारत होतं कुणीतरी. शिवाय मीही तुम्हाला पन्नाशीच्या धरून चाललो होतो. इतकं रागवायला अधिकार लागतो."

तिला हसू आलं, आणि ते लपवायला तिने झटकन कापडाचा तुकडा काढला. रीळ आधी शेडच्या ट्यूबलाइटखाली धरलं, मग दाराशी उन्हात. गेले दोन्ही दोरे उन्हात जुळले होते आणि दिव्याखाली जांभळट झाले होते. हा मात्र… दिव्यातही आणि उन्हातही कापडात असा विरघळला की दिसेनासा झाला.

"असाच धरा हं," म्हणत तिने फोटो घेतला. रीळ त्याच्या बोटांत, आणि रिळाच्या वर, काही केल्या चौकटीबाहेर न जाणारं, त्याचं ते हसू.

फोनवर दोन निरोप खोळंबलेले होते. साहेबांचा : "काय ठरलं?" आणि लहानपणापासून तिला सांभाळलेल्या आत्याचा. आत्याने एका मिशीवाल्याचा फोटो धाडला होता. "स्थळ बघ. दोन दुकानं, तिसरं होतंय. मुलगा नको वाटला तर गुंतवणूक समज." तिने दोघांना झटपट उत्तरं दिली. नजर फोनवर ठरत नव्हती; समोर तो दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत तिच्याकडेच बघत होता.

मग त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, आणि चेहऱ्यावरचं ऊन कुणीतरी काढून घ्यावं तसा विझत गेला. त्याने हमालांना हात केला. खोकी मागे फिरू लागली.

"अहो… हे काय?"

"नापसंत," तो म्हणाला. "तुमच्या साहेबांनी आमच्या मालकांना तुमचेच शब्द वाचून दाखवले. 'साफ नापसंत. हा विषय इथेच संपला.' बाई, दोनदा नाकारलंत, मी मान खाली घालून ऐकलं. पण ते फोनवर मला सरळ सांगितलं होतंत. आज समोर उभ्या राहून हसलात, आणि…"

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तेवढ्यात आत्याचा फोन आला, घाईघाईत तिचं बोट स्पीकरच्या खुणेवर पडलं, आणि आत्या अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी सुरू झाली.

"अगं कार्टे, आधी मला बसू तरी द्यायचंस. फोटो बघितला आणि हातातलं भांडंच सुटलं. बरा आहे की मुलगा. हातात रीळ कशाला, शिंपी आहे का? असू दे, हाताला काम असलेला बरा. तूच लिहितेस 'पसंत, उशीर नको, लगेच पक्कं करावं', मग मी कशाला थांबू? तुझ्या मामाला बोलावून घेतलंय."

"आत्या, ठेव… ठेव ना फोन."

हमालांच्या हातातली खोकी जागच्या जागी थांबली. तिने फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही निरोप एकमेकांच्या दारात जाऊन उभे राहिले होते.

तिने साहेबांना फोन लावला. आयुष्यात कधी वरच्या पट्टीत न बोललेली ती, पण आज आवाज कापला नाही.

"साहेब, दोरा पसंत आहे. चूक माझी, निरोप भलत्यालाच गेला."

"अगं, मी जहाजवाल्यांना होकार द्यायला बसलोय. स्वस्त पडतंय ते."

"स्वस्त पडतंय, पण दोन महिने समुद्रावर. त्याचा रंग हुकला की आणखी दोन महिने, तोवर शिवणारे हात बसून राहणार. इथे चुकलं तर दोन्ही वेळा आठवड्याभरात बदलून दिलं यांनी. शेजारी हाकेला येतो, साहेब, जहाज येत नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग, "आणि 'हा विषय इथेच संपला' ते कुणाला होतं?"

"एका… मिशीला."

साहेब खोकले, की हसले, कळलं नाही. "घे दोरा. त्यांच्या मालकांना मी सांगतो."

खोकी पुन्हा उलटी वळली. "एकदा काय ते ठरवा बाई," एक हमाल करवादला, "आमची कंबर म्हणजे काय झोपाळा आहे?"

तो तिच्याजवळ आला. "मी उगाच बोललो. माफ करा." मग सहज बोलल्यासारखं, पण नजर जमिनीवर ठेवून म्हणाला, "आता आत्याबाईंनाही कळवून टाका. मामा निघाले असतील. चूक झाली म्हणून सांगा… म्हणजे, सांगायलाच हवं ना?"

तिने फोन हातात घेतला. आत्याचं नाव काढलं. बोट त्यावर टेकवलं, आणि तसंच काही वेळ राहू दिलं.

"साहेबांना गेलं ते चुकलंच होतं," ती हळूच म्हणाली. "आत्याला गेलं त्यात…"

"त्यात?"

"पत्ता चुकला होता." तिने फोन पिशवीत टाकला. "मजकूर नाही."

तो मागच्या खोक्यावर मटकन बसला. आणि ती, लाजायचं विसरून, पहिल्यांदाच त्याच्याकडे डोळे भरून बघत उभी राहिली.