शेंदराची खोळ

ही गोष्ट खरी आहे. शपथ मात्र मी देवाची घेणार नाही, कारण या गोष्टीत देव आधीच मधे आलेला आहे.

साल १९५८. भाद्रपद सरत आलेला. वार शनिवार, वेळ भर दुपारची. भुताटकी रात्रीच होते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं आणि उद्या दुपारी निवांत वामकुक्षी घेऊन दाखवावी.

आमच्या भावकीतले महिपतीतात्या अंथुर्ण्याचे. त्यांची एक जुनी पिकअप गाडी होती, लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेली. कांदा, वांगी, पेरू भरून ते बारामतीचा बाजार करायचे. इंजीन वाघासारखं, पण टप गंजून चाळण झालेला. पावसात आत बसलं की काचेच्या वरच्या सांध्यातून धार थेट मांडीवर.

त्यांची आई फुलाबाई म्हणायची, "हिच्या आत बसण्यापरीस टपावर बसल्यालं बरं. निदान अंग सारखं भिजतं."

पण त्या वर्षी थट्टा संपली होती. तात्यांची बायको सिंधुबाई पोटुशी होती. दोन वेळा पोर हाती लागलं नव्हतं. हे तिसरं. तिला माहेरी बारामतीला पोचवायची होती, तीही सोमवारच्या अमावस्येच्या आत. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, बाईला भिजू द्यायचं नाही.

तात्यांनी गुरुवारी गाडी चाँदभाई मिस्त्रीकडे घातली.

चाँदभाईनं तारेच्या ब्रशनं गंज खरवडला. भोकांवर पत्र्याचे तुकडे डागले. मग म्हणाला, "तात्या, सांध्यात शेंदूर आन् जवसाचं तेल मळून भराय पायजे. त्याबिगर पाणी थांबायचं न्हाय. पर पेठंत शेंदूर संपलाय. सोमवारी येईल."

सोमवारी अमावस्या.

"मी आणतो," तात्या म्हणाले.

आता हे नीट ऐका. अंथुर्ण्याच्या शिवेवर म्हसोबा आहे. पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावून लावून देवावर वीतभर जाड कवच चढतं. एखाद्या वर्षी ते आपसूक गळून पडतं. त्याला खोळ म्हणतात. ती नदीला सोडायची असते, घरी आणायची नसते. त्या आठवड्यात म्हसोबाची खोळ पडली होती. गेणबा गुरवानं ती टोपलीत घालून लिंबाखाली ठेवली होती, अमावस्येला नीरेत सोडायला.

तात्यांनी टोपली उचलली. नदीला द्यायचं ते गाडीला दिलं, बिघडलं कुठं?

शुक्रवारी चाँदभाईनं तो गोळा खलबत्त्यात घातला. "तात्या, ह्यो शेंदूर हाय का दगूड?"

"जुना हाय. घरात पडून व्हता."

"आन् ह्यात कोंबड्याचं पीस कशापायी?"

"घरात कोंबड्या हायत म्हणून!"

चाँदभाई हसला. बिचाऱ्याला काय ठाऊक? त्यानं लगदा मळला, सांध्यात ठासला. मग टपावर दहा बादल्या पाणी ओतलं.

आत एक थेंब आला नाही.

शनिवारी दुपारी तिघं निघाली. तात्या चालवायला, मधे सिंधुबाई, दाराकडं फुलाबाई. आभाळ धुतल्यासारखं निळं. ढगाची चिंधीसुद्धा नाही.

शिवेवर गाडी बंद पडली.

समोर म्हसोबा. खोळ गेलेला, काळा, उघडा दगड... सोललेल्या बोकडासारखा.

तात्या खाली उतरून इंजिनाचं झाकण उघडायला गेले. मागं दार आपोआप लागलं.

आणि...

टप्.

सिंधुबाईच्या भांगात थेंब पडला. गार. तिनं वर पाहिलं. सांधा कोरडा ठणठणीत.

टप्.

दुसरा थेंब, त्याच जागी. ती डोकं झटकणार, तोच फुलाबाईनं दोन्ही हातांनी तिचं मुंडकं गच्च धरलं.

"हलू नगंस! मान झाडू नगंस, सिंधे!"

फुलाबाईनं आयुष्यात शंभर जत्रा पाहिल्या होत्या. म्हसोबाला बोकड कापायच्या आधी त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. बोकडानं अंग झाडलं की देवानं ते पत्करलं. मगच सुरी चालते. तोवर नाही.

"महिपती! टपाला काय लावलंस रं?"

तात्यांनी इंजिनात डोकं खुपसलं.

"बोल की मुडद्या!"

"म्हसोबाची... खोळ."

फुलाबाईनं वर टपाकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "देवाची कातडी गाडीला घातलीस? आरं, ही आता गाडी ऱ्हायली न्हाय. देऊळ झालंय. आन् आमी आत बसलोय."

धाड!

टपावर घाव पडला. पत्रा चार बोटं खाली आला, बरोबर सिंधुबाईच्या डोक्यावर, जणू तिला दचकवायला.

बाहेरून तात्यांनी पाहिलं. टपावर कुणी नव्हतं. ऊन होतं नुसतं.

धाड!

तात्यांनी दार ओढलं. हलेना. जॅकचा दांडा घेऊन काच फोडली, हात कोपरापर्यंत चिरला, पण त्या भोकातून गरोदर बाई निघणार कशी? मग ते टपावर चढले आणि दांड्यानं सांधा खरवडू लागले. कालचा ओला लगदा... दगडासारखा टणक झालेला. आणि कोमट. जित्या जनावराच्या पाठीसारखा.

तात्यांच्या तिसऱ्या ठोक्याला दांडा उसळला. म्हणजे कुणीतरी हातातून हिसकला. तोच दांडा फिरून तात्यांच्या जबड्यावर बसला. चार दात आणि तात्या, एकदमच रस्त्यावर पडले.

टप्. टप्. टप्.

आता थेंब घाई करत होते. सिंधुबाईनं दातावर दात दाबले होते. पाणी भांगातून कपाळावर, कानामागून मानेवर उतरलं. तिथून पाठीच्या कण्यावर. शहारा काय कुणाला विचारून येतो?

"आत्या... न्हाय ऱ्हावत..."

"सोस. पोराकडं बघून सोस."

"न्हाय वो..."

फुलाबाईनं सुनेला धरून खाली दाबलं, पार सीटच्या खाली. आणि स्वतःचं पांढरं डोकं त्या थेंबाखाली घातलं.

टप्.

तात्या रस्त्यावरून फुटक्या काचेतून बघत होते. तोंड रक्तानं भरलेलं, ओरडता येत नव्हतं.

म्हातारी वर बघून म्हणाली, "घे रं बाबा. जून हाय, पर घरचं हाय."

आणि तिनं मान झाडली. बोकड झाडतं तशी, कानापासून खांद्यापर्यंत.

एकच घाव.

त्यानंतर दोन्ही दारं आपोआप उघडली. सिंधुबाई रांगत बाहेर आली. तिच्या अंगावर रक्त होतं, पण तिचं नव्हतं. फुलाबाईच्या खांद्यावर जिथं डोकं असायला हवं, तिथं टप होता. थेट सीटला भिडलेला.

संध्याकाळी चाँदभाई आला. छिन्नीनं पत्रा कापून त्यानंच म्हातारीला मोकळी केली. खालीवर पाहून तो म्हणाला, "तात्या, एवढा पोचा पाडायला मला घणाचे पन्नास घाव लागतील. हे दोन वरवरचे सोडले तर ह्यो एकाच घावाचा हाय."

खरवडून निघाली तेवढी खोळ गेणबानं नीरेत सोडली. गाडी कुणी घरी आणली नाही.

तिसऱ्या दिवशी बारामतीत सिंधुबाई मोकळी झाली. मुलगी. ठणठणीत. नाव ठेवलं बानू.

इथं गोष्ट संपायला हवी होती. म्हातारीनं जीव दिला, लेकरू वाचलं, देव तृप्त झाला. तात्याही पुढं वीस वर्षं असंच सांगायचे, दात नसलेल्या तोंडानं.

सिंधुबाई मात्र कधी मान डोलवायची नाही.

तात्या गेल्यावर एकदाच ती बोलली. "आत्यांनी मला खाली दाबलं ना... तवाच पोटातलं लेकरू हललं. आत्यांनी मान झाडायच्या आधी. पार ढवळून निघालं बघा पोट. मला शेवटचा थेंब पडला व्हता, आन् लेकरू हललं."

मग तिनं वर छपराकडं पाहिलं.

"देवानं आधी कुणाचं हलणं धरलं, कुणाला ठाऊक? घाव आत्यांवर पडला खरा. पर त्या आडव्या आल्या म्हणून पडला, का देवानं त्यान्लाच पत्करलं म्हणून?"



बानूच्या डोक्यावर तिनं कधी पाणी ओतलं नाही. ओल्या फडक्यानं केस पुसायची. पावसात पोरीला घराबाहेर सोडायची नाही. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

पण लग्नात हळदीचं नहाण कुणाला चुकतं? पाटावर बानू बसली, करवल्यांनी तांब्या उचलला. सिंधुबाई धावत येईपर्यंत पाणी पोरीच्या भांगात पडलंही होतं.

बानू शहारली. मान झाडली. सगळ्या पोरी खिदळल्या.

सिंधुबाई एकटी वर बघत होती, म्हणून मीही पाहिलं. वर मांडवाचं कापड. वारा पडलेला. आभाळ निळं.

कापड मधोमध हळूहळू खाली येत होतं...

जसं त्यावर कुणी येऊन बसलं आहे आणि वाकून बघतं आहे.

सिंधुबाईनं पोरीला पाटावरून ओढलं आणि उन्हात नेलं. लग्नही उन्हात लागलं, माथ्यावर काही न घेता. बानूबाई आज नातवंडांत आहे. अंगणात झोपते. पाऊस आला तर भिजते, पण छपराखाली येत नाही.

आम्ही तिला आत बोलावत नाही.