गिअरची दोन वळणं

"बाबा, गोळी घेतला का? ... दुपारचा. पिवळा वाला."

बंगालमधल्या बेहालाच्या त्या सायकलच्या दुकानात मी नुसता भाव विचारायला शिरले होते, आणि कानावर हे असलं मराठी पडलं. स्टँडला टांगलेल्या सायकलमागे एक तरुण फोन खांद्यात धरून चाक फिरवत होता. चूक ऐकली की मला गप्प बसवत नाही. जुना आजार आहे माझा.

"गोळी घेतली का," मी म्हटलं. "ती गोळी."

त्याने वर पाहिलं. हात काळेकुट्ट, कपाळावर ग्रीसचा डाग, आणि डोळे... असो.

"बंगालीत तो-ती नसतं," तो म्हणाला. "मी इथेच वाढलो ना."

"मग शिकवणी लावा."

"फी काय?"

"मला एक माउंटन बाइक घ्यायचीय. ती नीट जोडून द्या, बस."

तो हसला. झालं, माझं वाटोळं तिथेच झालं.

त्याचं नाव सलील. त्याचे बाबा, मनोहरकाका, तीस वर्षांपूर्वी एका खाजगी कंपनीच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. आई नाही. दोन वर्षांपूर्वी काकांची उजवी बाजू गेली, आणि घरात हे दोघंच. आणि मी यामिनी. माझे बाबा खिदिरपूरला कस्टममध्ये, मी सॉल्ट लेकला आयटीत. पहिल्या बोनसची हिरवी माउंटन बाइक मी दुर्गापूजेच्या आधी बुक केली. ती खोक्यातून अर्धवट जोडलेली आली तेव्हा रस्त्यावरचे मांडव उतरवायला लागले होते.

सायकल त्याच दिवशी घरी न्यायची असं माझं साधं गणित. सलीलचं गणित वेगळं होतं. त्याच्याकडे एक कार्ड असायचं. ब्रेक, आरे, फोर्क, हेडसेट, पेडल, गिअर... एकेक तपासायचं, स्वतः गल्लीत एक फेरी मारायची, मग समोर खूण.

"सगळ्या खुणा झाल्या की माझी सही," तो म्हणाला. "सही झाली की सायकल तुमची. तोपर्यंत दुकानाची. मालक ओरडला तरी."

"अहो, नवीकोरी आहे ती."

"नवीच जास्त फसवते. हा पुढच्या चाकाचा फोर्क बघा, उलटा बसवलाय. असाच नेला असता तर पहिल्या उतारावर तोंडावर पडला असता."

"पडले असते."

"तेच," तो म्हणाला.

त्या शनिवारी त्याने माझ्या हातात पान्हा दिला. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, डावीकडे फिरवून घट्ट होतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मी जोर लावून भलतीकडेच फिरवत होते. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि पान्हा उलटा वळवला. हात लगेच काढला, पण... लगेच म्हणजे तितकासा लगेच नाही.

आता कबूल करते. निघताना तो बिल बघायला वळला आणि मी मागच्या गिअरच्या केबलची छोटी नॉब दोन वळणं सैल केली. पुढच्या शनिवारी फेरी मारताना चेन कटकटली. सलील म्हणाला, "गिअर बाकी आहे, पुढच्या शनिवारी या." मी चेहरा पाडून "अरेरे" म्हटलं. असं तीनदा झालं. मध्ये कधीतरी तुम्हीचं तू झालं. चहा झाला, मनोहरकाकांसाठी मी साबुदाण्याची खिचडी नेली, आणि काका डाव्या हाताने खाता खाता रडले.

मग बाबांची पुण्याला बदली आली. माझ्या कंपनीनेही पुण्याचं ऑफिस देऊ केलं. इथे राहा नाहीतर तिकडे जा, शुक्रवारपर्यंत कळव.

मी गुरुवारीच दुकानात गेले. आभाळ सकाळपासून राखेसारखं होतं. समोर शेवटच्या मांडवाचे बांबू ट्रकवर चढत होते.

"सलील, मी इथे राहू शकते," मी म्हटलं. "किंवा जाऊ शकते. तू सांग."

तो आरे तपासत होता. एकेक चिमटीत दाबत होता, जणू जगात तेवढंच काम उरलंय.

"पुण्याला डोंगर आहेत," तो शेवटी म्हणाला. "ही सायकल डोंगराचीच आहे."

"मी सायकलचं विचारत नाहीये."

"मला कळतं, यामिनी." आरे दाबणारी बोटं थांबली. "घरी बाबा आहे. मी कुठे येऊ शकत नाही."

"तू ये म्हणतंय कोण?"

तो पुन्हा आरे दाबायला लागला. मला इतका राग आला, की शुक्रवारी सकाळी उठून मी पुण्याला हो कळवून टाकलं, आणि सलीललाही. मग दिवसभर रडले. शनिवारी दुकानात गेले तेव्हा सलीलने पुढचं चाक आणि पेडलं काढून सायकल खोक्यात बांधलीसुद्धा होती. त्या दिवशी मी नॉबला हात लावला नव्हता. कशाला लावायचा?

"कार्ड आत पिशवीत आहे," तो म्हणाला. "जपून जा."

एवढंच. तीन शनिवारांची किंमत एवढीच.

पुण्याला आल्यावर पंधरा दिवस मी खोक्याकडे बघितलं नाही. आई म्हणाली, "अगं, वाटेत आहे ते, जोड नाहीतर विकून टाक." विकायचं ऐकून मी पान्हा शोधला. बसले जोडायला. पुढचं चाक घातलं, पेडलं बसवली, डावं डावीकडे. गच्चीवर एक फेरी मारली आणि चेन कटकटली. नेमकी तशीच.

मी नॉब आवळली. एक वळण. दोन वळणं. कटकट थांबली.

पिशवी फाडून कार्ड काढलं. अकरा खुणा होत्या. गिअरसमोर खूण नव्हती. तिथे वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'दोन वळणं'. खाली सहीची जागा कोरी होती.

मी तिथेच फतकल मारून बसले आणि फोन लावला.

"कार्डावर सही नाही," मी म्हटलं.

पलीकडे फिरणारं चाक थांबलं. "एक खूण बाकी होती."

"तुला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"नॉब आपोआप फिरत नाही. शेवटच्या वेळी मी फिरवली."

"मग तोंड उघडायला काय झालं होतं रे? एका शब्दासाठी थांबले होते मी."

"थांब म्हणालो असतो तर तू थांबली असती. माझ्या घरी आजारी माणूस, छोटा नोकरी... उद्या तुला वाटलं असतं, यानेच अडकवलं." त्याचा आवाज अडखळला. "पण सही करायला हात उठला नाही. खूप आवडते तू मला. हे तरी बरोबर बोललो?"

"नाही," मी म्हटलं. माझं नाक वाहत होतं. "पण राहू दे तसंच."

त्याच्याकडे बस गेली, माझ्याकडे आईने कुकर लावला.

"सही नाही, म्हणजे सायकल कुणाची?" मी विचारलं.

"दुकानाची." या वेळी बरोबर बोलला.

"मग दुकानात पोचवायला हवी. ही नोकरी सोडावी लागेल, तिकडे दुसरी शोधावी लागेल. आई-बाबा महिनाभर बोलणार नाहीत माझ्याशी. आणि कुणी अडकवलं म्हणून नाही, माझी मी येतेय. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. मग हळूच, "डावं पेडल..."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि पान्हा घेऊन ते उजवीकडे फिरवून सोडवायला बसले.