शेंदराखालची आई

हसू नका, चहा घ्या आणि ऐका. मी उत्तरेश्वर पेंटर, नांदूरघाटचा. पानटपरीपासून देवळापर्यंत सगळं रंगवतो. लोक म्हणतात, "उत्तऱ्याचं काम नुसतं वरवरचं." म्हणू द्या! पेंटरनं काय आतून रंगवायचं?

जत्रेआधी माळावरच्या देवीला शेंदूर लावून डोळे रेखायला गेलतो. भर दुपार, चिटपाखरू न्हाई. पुजारीण सुभद्रामावशी दारात बसलेल्या. चाळीस वर्षं त्यांनीच शेंदराचे थर चढवलेले, औंदा पहिल्यांदाच मला बोलावलेलं. खालचा दगड बघितलेलं आता गावात कुणी न्हाई.

"सासूनं पोरपणी बघितलती," मावशी हळूच म्हणाल्या. "म्हणायची, आई आत तोंड मिटून बसलीय. मी लई सजवते रे तिला. पण माझ्यावर राजी हाय का न्हाई... एवढं कळलं असतं तर सुखानं डोळे मिटले असते."

मी शेंदूर कालवायला घेतला. तो तेलात कालवतात, पण मी सवयीनं टर्पेंटाईन ओतून बसलो. कपाळावर पहिला हात मारला न मारला तोच आतून आवाज आला. कट्... कट्... टर्पेंटाईनच्या उग्र वासात मधेच मोगरा दरवळला. आणि मग... कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या हातातला ब्रशच गळाला.

"मावशी, तुमी हसलात?"

"न्हाई रे... मला वाटलं, तूच..."

धाडकन शेंदराचं अख्खं कवच खाली आलं. मेलो! म्हटलं, आता गाव मला जित्ता सोडत न्हाई. भीत भीत डोळे उघडले, तर समोर काळ्या दगडाची आई, दात दाखवून खळखळून हसणारी. मावशी रडतही होत्या, हसतही होत्या.

"राजी हाय... राजी हाय बाई माझी!"

माझे हात धरून त्यांनी गाभाऱ्यातच फुगडी घातली. सत्तरीची बाई! मीही गरागरा फिरलो. आनंदच तेवढा झालता. गावानंही मला मारायचं सोडून पेढे भरवले.

कवच नदीत सोडायचं काम माझ्याकडं आलं. सोडायच्या आधी सहज उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला देवीच्या तोंडाचा ठसा उमटलेला. नाक, नथ, हनुवटीवरचा टवका, सगळं दगडाबरहुकूम. फक्त ओठांवरून दोनदा बोट फिरवलं मी... ते घट्ट मिटलेले होते.